मामा, गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?

कॉलेज करता करता गाड्यांचा इन्शुरन्स विकायचा विचार आहे? मग ग्राहकाला चार अवघड प्रश्न विचारायची तयारी ठेवा. ग्राहक सख्खा मामा असेल तर जास्तच!

समजा, परवाच तुमचा निकाल लागलाय. सेमिस्टरचा नाही, इन्शुरन्स विकण्याच्या परीक्षेचा. पास झालात. आईनं ही बातमी फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना सांगितलीय. दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन येतो.

'काय म्हणतंय आमचं नवं इन्शुरन्स ऑफिस? आमच्या गाडीची पॉलिसी पंधरा तारखेला संपतेय. जुन्या कंपनीनं यंदा पैसे एकदम वाढवून सांगितलेत. दुसऱ्या कंपनीची स्वस्तात बसवून दे बरं. पहिली भवानी मामाकडून!'

तुम्ही खूश. जुन्या पॉलिसीचा फोटो मागवता, लॅपटॉप उघडता, फॉर्म भरायला घेता. गाडीचा नंबर टाकल्यावर मॉडेल, वर्ष, इंजिन सगळं आपोआप येतं. मग एक प्रश्न येतो: मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का? हो की नाही?

'नाही टाक,' मामा फोनवरून सांगतात.

तुमचं बोट तिथंच थांबतं. कारण जूनमध्ये खंबाटकी घाटात मामांची गाडी पुढच्या टेम्पोला टेकली, तेव्हा मागच्या सीटवर तुम्हीच बसलेले होतात. बंपर गेला होता, एक हेडलाइट फुटला होता.

'मामा, तो बंपर?'

'हां, तो होय? तो काय क्लेम म्हणायचा! गॅरेजवाल्यानं परस्पर केलं सगळं. आपण नुसत्या दोन सह्या केल्या. नाही टाक तू.'

आता काय कराल? मामा खोटारडे नाहीत. त्यांना खरंच वाटतंय की गॅरेजनं परस्पर केलं म्हणजे तो क्लेम नव्हे. आणि 'हो' टाकलं की प्रीमियम वाढणार, भवानी हुकणार, वर मामा म्हणणार, 'एवढंसं काम सांगितलं तर...'

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण गाडीचा इन्शुरन्स विकायला बसलेल्या प्रत्येकासमोर तो कधी ना कधी येतो. ग्राहकाचा इतिहास विचारायचा की नाही? विचारला तर तपासायचा कसा? आणि खरं काय ते कळल्यावर काय करायचं?

आपण या धंद्यात कसे आलो?

आधी हे समजून घेऊ की कॉलेजातल्या मुलाचा या सगळ्याशी संबंध काय. २०१५ मध्ये विमा नियामक 'आयआरडीएआय'नं 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' म्हणजे पीओएसपी नावाचा एक नवा दरवाजा उघडला. वय १८ पूर्ण, शिक्षण किमान दहावी, पॅन आणि आधार, १५ तासांचं ट्रेनिंग आणि त्यावर एक परीक्षा. एवढं झालं की तुम्ही एखाद्या विमा कंपनीशी किंवा ब्रोकरशी जोडून घेऊन टू-व्हीलर आणि कारच्या ठरावीक, सोप्या पॉलिसी विकू शकता. ऑफिस नको, भांडवल नको. मोबाइल आणि ओळखी पाहिजेत. त्यामुळे कॉलेजातल्या कित्येकांना हा पार्टटाइम पर्याय बरा वाटतो.

यात एक गोष्ट फारशी कुणी ठळकपणे सांगत नाही. पीओएसपीनं विकलेल्या पॉलिसीसोबत त्याचा पॅन किंवा आधार नोंदवलेला असतो. ही पॉलिसी कुणी विकली, हे उद्या कुणीही शोधू शकतं. म्हणजे मामांच्या फॉर्मवरचं 'नाही' मामांचं असतं आणि ते टाकणारं बोट तुमचं असतं.

आणखी एक. मामा जर म्हणाले, 'कमिशनमधले अर्धे मला दे', तर तेही जमणार नाही. आपल्या कमिशनचा वाटा ग्राहकाला देणं विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. हे ऐकल्यावर मामा बहुतेक गप्प बसतील.

रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय?

'ड्रायव्हिंग रेकॉर्ड' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच एक फाइल येते. आपल्याकडे तशी फाइल नाही. माणसाच्या गाडी चालवण्याचा इतिहास तीन ठिकाणी विखुरलेला आहे.

पहिलं ठिकाण लायसन्स. लायसन्सची सगळी माहिती 'सारथी' नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये असते. परिवहन खात्याच्या वेबसाइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की ते चालू आहे की मुदत संपलीय, कुठल्या प्रकारच्या गाडीसाठी आहे, हे कळतं.

दुसरं ठिकाण गाडी. आरसी, मालकी, इन्शुरन्सची मुदत हे सगळं 'वाहन' या डेटाबेसमध्ये. एमपरिवहन अ‍ॅपवर ते दिसतं. ई-चलनंही गाडीच्या नंबरावरच पडतात. महाराष्ट्राच्या ई-चलन वेबसाइटवर चलन बघायचं तर गाडीच्या नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. म्हणजे ग्राहकानं आरसी दाखवल्याशिवाय तुम्हाला परस्पर बघता येत नाही, आणि ते बरंच आहे.

तिसरं ठिकाण क्लेमचा इतिहास. तो विमा कंपन्यांकडे असतो. आणि या कंपन्या आपापली माहिती हैदराबादच्या 'इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो'ला देतात. विमा नियामकानं २००९ मध्ये उभी केलेली ही संस्था. मामांना वाटतं कंपनी बदलली की पाटी कोरी झाली. तसं होत नाही.

आता गंमत बघा. चलन गाडीच्या नंबरावर, क्लेम पॉलिसीवर, लायसन्स माणसाच्या नावावर. सिग्नल तोडला मामांच्या धाकट्या मुलानं, चलन आलं मामांच्या मोबाइलवर. म्हणून आपल्याकडे नुसता कॉम्प्युटर बघून ग्राहक कसा गाडी चालवतो हे कळत नाही. त्याला विचारावंच लागतं.

साडेचार हजारांचं 'नाही'

मामांच्या 'नाही'मध्ये एवढं काय अडकलंय ते बघू. त्यासाठी 'नो क्लेम बोनस' म्हणजे एनसीबी समजून घ्या.

कारच्या पूर्ण पॉलिसीत मुख्य दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी: आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा भाग कायद्यानं सक्तीचा. त्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये असा दर लागू झाला. सज्जन असो की भरधाव, दर सगळ्यांना सारखाच.

दुसरा भाग ओन डॅमेज: आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. इथं गाडीची किंमत, वय, इंजिन आणि नोंदणीचं शहर बघतात. पुणे, मुंबई ही शहरं 'झोन ए'मध्ये येतात, सातारा 'झोन बी'मध्ये. आणि याच भागात एनसीबी मिळतो. एक वर्ष क्लेम घेतला नाही तर २० टक्के सूट, सलग दोन वर्षं नाही तर २५, तीनला ३५, चारला ४५ आणि पाचला ५० टक्के. ही शिडी चढायला पाच वर्षं लागतात. उतरायला एक क्लेम पुरतो. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी थेट शून्य.

आता मामांचा हिशेब. सोपं जावं म्हणून त्यांचा ओन डॅमेज प्रीमियम सूट वगळता १०,००० रुपये धरू. मागच्या पॉलिसीवर ३५ टक्के एनसीबी होता, म्हणजे त्यांनी ६,५०० भरले. क्लेम नसता तर यंदा ४५ टक्के मिळाले असते आणि ५,५०० भरावे लागले असते. क्लेम झालाय म्हणून शून्य टक्के, म्हणजे पूर्ण १०,०००. जुनी कंपनी 'एकदम वाढवून' सांगतेय ती याचमुळे. तिला बंपरचं माहीत आहे, कारण बिल तिनंच भरलंय!

फरक साडेचार हजारांचा. १८ टक्के जीएसटी धरला तर ५,३१०. एका 'नाही'नं मामांचे एवढे पैसे वाचतात.

पण फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात एक घोषणापत्र असतं. त्याचा मथितार्थ असा: एनसीबीबद्दल मी दिलेली माहिती खरी आहे, ती खोटी निघाली तर पॉलिसीतल्या ओन डॅमेजच्या भागाचे सगळे फायदे मी गमावेन. सगळे फायदे! फक्त ती ४५ टक्के सूट परत घेतली आणि प्रकरण मिटलं, असं तिथं लिहिलेलं नाही. आणि नव्या कंपनीनं एनसीबी दिल्यावर जुन्या कंपनीकडून तो तपासून घ्यावा, हेही मोटार विम्याच्या नियमांत लिहिलेलं आहे.

आता समजा, पुढच्या पावसाळ्यात गाडी पाण्यात अडकली. इंजिन गेलं. दुरुस्तीचा अंदाज लाखभर. मामा तुम्हालाच फोन करणार. कंपनी इतिहास काढणार, जूनमधला क्लेम समोर येणार आणि मग क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र. तक्रार, लोकपाल, ग्राहक आयोग हे मार्ग असतात, पण त्या वाटेनं जाताना आपल्याच सहीचं घोषणापत्र आपल्यासमोर ठेवलं जातं. वाचवले ५,३१०, गेले लाखभर. दिवाळीला मामींच्या हातचा फराळ खाताना घशाखाली उतरेल का?

जुनी पॉलिसी नको, रिन्यूअल नोटीस मागा

इथं नवखे हमखास चुकतात. ते जुन्या पॉलिसीचा फोटो बघतात, त्यावर '३५ टक्के' दिसतं, म्हणजे यंदा ४५ असं समजून पुढं जातात. पण जुनी पॉलिसी निघाली तेव्हा क्लेम झालाच नव्हता! तो नंतर झाला. त्यामुळे जुन्या पॉलिसीवरून काहीच कळत नाही. जुन्या कंपनीनं पाठवलेली रिन्यूअल नोटीस मागा. यंदा किती टक्के एनसीबी देय आहे, ते तिच्यात असतं. तिथं शून्य दिसलं की वाद संपला, आणि मामांना खोटं पाडायचीही वेळ येत नाही. कागदच बोलतो.

दुसरी चूक उलट बाजूची. 'क्लेम' शब्द ऐकून घाबरायचं आणि सगळ्याच गोष्टी 'हो' म्हणून टाकायच्या. एनसीबी ओन डॅमेजपुरताच असतो. मामांनी बंपरचे पैसे खिशातून भरले असते, तर तो क्लेम झालाच नसता आणि त्यांचा बोनस शाबूत राहिला असता. म्हणून नीट विचारा: गॅरेजमध्ये पॉलिसी दाखवली होती का? क्लेम फॉर्मवर सही केली होती का? बिलाचा किती भाग तुम्ही भरलात आणि किती कंपनीनं?

तिसरी गोष्ट तारखेची. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की एनसीबी जातो, क्लेम घेतलेला नसला तरीही. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणारे ग्राहक तुम्हाला भरपूर भेटतील. त्यांना ही तारीख लिहूनच द्या. शिवाय विनाइन्शुरन्स गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ सांगतं. पुढच्या वेळी दंड ४,०००.

ही गाडी कोण कोण चालवतं?

हा प्रश्न फॉर्मवर बहुधा नसतो. तरी विचारा. सगळ्यात महागडं उत्तर इथंच दडलेलं असतं.

मामांचं लायसन्स आहे. पण गाडी चालवतं कोण? शनिवारी मामांचा मुलगा. तो सतरा वर्षांचा. 'सोसायटीतल्या सोसायटीत चालवतो, फार तर दूध आणायला.' आता इथं तुम्ही ऐकून सोडून दिलंत तर?

ओन डॅमेजचं तर सरळ आहे. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी असताना अपघात झाला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम बसत नाही. दारू पिऊन चालवली असेल तरी तेच.

थर्ड पार्टीचं प्रकरण याहून गंभीर. समजा, दूध आणायला गेलेल्या त्या पोराच्या गाडीखाली कुणी आलं. अपघातग्रस्ताचा काय दोष? म्हणून २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात एक वाट घालून दिली. ड्रायव्हरकडे लायसन्स नाही, एवढ्यावर कंपनीला हात झटकता येत नाहीत. न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं. पण मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं गाडी तशा माणसाच्या हाती दिली हे सिद्ध झालं, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तर थर्ड पार्टी भरपाईला कमाल मर्यादा नाही. कमावत्या माणसाच्या मृत्यूचा दावा लाखांत जातो. वसुली निघाली की मामांचं घर, शेत, फिक्स डिपॉझिट सगळं पणाला लागतं.

आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ अ आहेच. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

हे सगळं मामांना सांगणं तुमचं काम आहे का? कागदोपत्री कदाचित नसेल. पण पॉलिसी विकताना तुम्ही 'निश्चिंत राहा मामा' म्हणता ना? मग कशाकशाची चिंता करायची, तेही सांगायला हवं.

याच प्रश्नातून आणखी एक धागा निघतो. गाडी कुणाच्या नावावर आहे? कित्येक घरांत ती आईच्या किंवा आजीच्या नावावर असते आणि त्यांच्याकडे लायसन्सच नसतं. पॉलिसीसोबत मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण विकलं जातं, त्याची अट अशी की मालकाकडे चालू लायसन्स हवं. आजीला ते विकून तुम्ही पैसे घ्याल, पण वेळ आल्यावर त्याचा उपयोग शून्य.

चलनांमुळे प्रीमियम वाढतो का?

ग्राहक हा प्रश्न विचारणारच. प्रामाणिक उत्तर असं, की परदेशात वाढतो. आपल्याकडे तसा मसुदा निघाला होता, पण तो देशभरचा नियम झालेला नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये आयआरडीएआयनं एक कार्यगट नेमला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल लोकांसमोर आला. त्यात सुचवलं होतं की मोटार पॉलिसीत 'ट्रॅफिक व्हायोलेशन प्रीमियम' नावाचा एक नवा, पाचवा भाग असावा. नियम मोडला की गुण. दारू पिऊन गाडी चालवली तर १००, चुकीच्या जागी पार्किंग केलं तर १०. गुण जास्त तितका प्रीमियम जास्त. सुरुवात दिल्लीपासून करायची कल्पना होती. पण घोळ तोच जुना. गुण गाडीच्या मालकाच्या खात्यावर पडणार, गाडी चालवत कुणी का असेना.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथं प्रत्येक राज्याचं परिवहन खातं लायसन्सधारकाचा इतिहास ठेवतं: वेगमर्यादा कधी मोडली, अपघात कुठं झाला, लायसन्स कधी निलंबित झालं. विमा एजंट ग्राहकाची माहिती घेतो आणि कंपनी ते रेकॉर्ड मागवते. हे रेकॉर्ड कुणाला बघू द्यायचं, याचा १९९४ चा एक केंद्रीय कायदा आहे आणि विमा कंपन्यांना त्यात परवानगी आहे. कॅलिफोर्नियात तर १९८८ च्या जनमतानं ठरवून टाकलं की प्रीमियम ठरवताना पहिला निकष ड्रायव्हिंग रेकॉर्डचाच. एमएस करायला तिकडं गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्या कारचा प्रीमियम बघून घाम फुटतो, त्याचं एक कारण हेच. त्यांनी पुण्यात पाच वर्षं गाडी कितीही नीट चालवलेली असो, तिकडच्या वहीत त्यांचं पान कोरं असतं. इथून नेलेलं आंतरराष्ट्रीय परमिट लायसन्स आहे एवढं सांगतं, गाडी कशी चालवलीत ते सांगत नाही.

आपल्याकडे मात्र दुसऱ्या वाटेनं हे येऊ लागलंय. जुलै २०२२ पासून विमा कंपन्यांना 'जेवढी चालवाल तेवढं भरा' आणि 'जशी चालवाल तसं भरा' अशी जादा कव्हर विकायची परवानगी मिळाली. मोबाइल अ‍ॅप किंवा गाडीतलं छोटं यंत्र वेग, कचकन मारलेले ब्रेक अशा गोष्टी टिपतं.

विचारायचं कसं?

पोलीस चौकशी करतात तसं नाही. डॉक्टर विचारतात तसं. 'याआधी काही आजार?' असं डॉक्टरनं विचारलं तर आपल्याला राग येत नाही, कारण औषध त्यावर ठरणार हे आपल्याला माहीत असतं. तुम्हीही आधी कारण सांगा आणि मग प्रश्न विचारा. 'मामा, क्लेमच्या वेळी कंपनी हे बघणारच आहे. म्हणून आपण आधीच बघून ठेवू.' एवढं वाक्य पुरतं.

लायसन्स, चलन, जुना क्लेम काहीही तपासायचं असेल तर ग्राहकाला सांगून आणि त्याच्यासमोर तपासा. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, तो त्यालाच टाकू द्या. तुमचा मोबाइल नंबर त्याच्या पॉलिसीवर टाकू नका. उद्या क्लेमचा मेसेज तुमच्याकडे येईल आणि त्याला पत्ताच लागणार नाही. काम झालं की लायसन्स, आधारचे फोटो मोबाइलमधून काढून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाच्या संमतीवरच उभा आहे. आणि मामांची सात चलनं सापडली म्हणून त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकायचा मोह कितीही झाला, तरी नको!

ग्राहक 'नाहीच टाक' म्हणून अडून बसला तर? तर ती पॉलिसी विकू नका. एक ग्राहक जाईल. जाऊ द्या.

आणि तुमचं स्वतःचं रेकॉर्ड?

दुसऱ्याचा इतिहास तपासता तपासता एकदा स्वतःचाही बघा. आज रात्रीच बघा. लायसन्सची मुदत, बाइकवरची चलनं, इन्शुरन्सची तारीख. हॉस्टेलवरचा मित्र 'जरा गाडी दे रे' म्हणून घेऊन गेला होता, त्याचं ट्रिपल सीट तुमच्या नंबरावर निघेल.

सेकंडहँड बाइक घेतलीय? एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाची ५० टक्के सूट तुम्हाला मिळत नाही, ती तो स्वतःच्या नव्या गाडीसाठी घेऊन जातो. नावावर गाडी झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करायला अर्ज करायचा असतो. 'पॉलिसी आहे ना अजून सहा महिने' म्हणून कित्येक जण तशीच चालवतात. अपघात झाल्यावर कळतं की पॉलिसी दुसऱ्याच्याच नावावर होती.

छोटा डेंट पडला तर लगेच क्लेम टाकू नका. मामांच्या बंपरचंच बघा. कंपनीनं समजा ७,००० दिले. पण क्लेम नसता तर पुढची पाच वर्षं त्यांना ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के मिळाले असते. आता मिळणार ०, २०, २५, ३५, ४५. फरकाची बेरीज १२० टक्के, म्हणजे १०,००० च्या प्रीमियमवर १२,००० रुपये! गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल. तरी हिशेब आतबट्ट्याचाच. हे कुणीतरी मामांना जूनमध्ये, गॅरेजमध्ये सही करायच्या आधी सांगायला हवं होतं. तेव्हा त्यांच्याकडे सांगणारं कुणी नव्हतं.

आता तुम्ही आहात. म्हणून लॅपटॉपवर 'हो' टाका, जो आकडा येईल तो मामांना दाखवा आणि ही बेरीज कागदावर करून द्या. मामा दोन मिनिटं कुरकुरतील. जुन्या कंपनीकडेच राहतो म्हणतील किंवा तुमच्याकडून घेतील. पुढच्या खेपेला गाडी कुठं घासली, तर गॅरेजच्या आधी ते तुम्हाला फोन करतील.

पॉलिसी विकण्याआधी हे सहा प्रश्न

१. रिन्यूअल नोटीस आहे का? त्यावर एनसीबी किती टक्के आहे?

२. वर्षभरात गॅरेजमध्ये पॉलिसी दाखवून काही काम केलं का? कुठल्या फॉर्मवर सही केली?

३. गाडी कुणाच्या नावावर आहे? त्यांचं लायसन्स चालू आहे का?

४. घरात गाडी आणखी कोण चालवतं? त्या प्रत्येकाकडे लायसन्स आहे का?

५. पॉलिसी कोणत्या तारखेला संपते? संपली असेल तर किती दिवस झाले?

६. गाडी सेकंडहँड असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्ही आताच्या मालकाच्या नावावर आहेत का? जुनी चलनं बाकी आहेत का?